बघायचे मासे

चांगदेव कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा कोकिळेने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. आता हा माणूस चार दिवस झोप काढेल, चार दिवस पोयनाडच्या नाक्यावर गप्पा मारायला जाईल आणि मग मुकाट्याने परसात तिला भाजीचा वाफा करून देईल. गुरं विकल्यावर गोठा पाडला होता, ती जागा नुसती पडून होती. वांगी, पावटा, कडेने दुधी. कोकिळेला तिथे दुधी लटकलेले दिसायलाही लागले होते.

झोप झाली, नाकाही झाला. मग एका संध्याकाळी चांगदेव गोठ्याच्या जागेवर हात पाठीमागे बांधून उभा राहिला. कारखान्यात तो टाक्यांच्या देखभालीवर होता. नवी टाकी बसवायची असली की तो असाच उभा राहत असणार.

"इथं तळं करू या," तो म्हणाला.

कोकिळेच्या हातातला झाडू थांबला, पण आनंदाने. खाडीकाठच्या खारेपाटात दाराशी तळं असणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिच्या माहेरी होतं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून तळ्यात सोडायची, पुढच्या वर्षी हातभर मासा काढायचा. पाव्हणा आला की आधी तळ्याकडे बघायचा, मग घरच्यांकडे. जावई रुसला तर त्याला जिताड्याच्या तुकडीने मनवायचा. दुधी तिच्या मनातून तिथल्या तिथे उतरला.

"करा की! अंबाजीला सांगते, तो पिल्लं देईल." अंबाजी तिचा भाऊ, अजून खाडीकाठीच राहत होता.

"अंबाजीची नकोत. इक्बालकडून आणायची हायेत. रंगीत."

इक्बाल चांगदेवाचा जुना दोस्त. कतारमधून परत आल्यावर त्याने अलिबागला काचेच्या पेट्या आणि शोभेचे मासे विकायचं दुकान टाकलं होतं.

"रंगीत? ते खायला कसे लागतात?"

"खायचे न्हाईत गो. बघायचे."

कोकिळेने झाडू खाली ठेवला. जन्मात तिने मासा बघितला होता तो ताजा आहे की नाही ते ठरवायला. कल्ले उचलून, डोळे निरखून, पोट दाबून. नुसता बघायचा मासा तिच्या डोक्यात कुठे बसेना.

"अवो, मासे काय बघायला असतात? मग मी उद्यापासून कोंबड्या ऐकायला पाळते."

चांगदेव हसला नाही. तो पावलं टाकून जागा मोजत होता.

सगळा हिवाळा मापात गेला. चांगदेवाने कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि जमिनीवर तळ्याचा आकार मांडला. आकार काजूचा हवा होता. दोरी मांडायची, लांब जाऊन बघायचं, परत येऊन पायाने सरकवायची. कपडे तेवढे दिवस कुंपणावर वाळत होते. कोकिळा चहा घेऊन आली की तो विचारायचा, "आता कसा दिसतो?"

"फणसासारखा."

दुसऱ्या दिवशी: "आता?"

"आता मोडलेल्या पापडासारखा. काजूकडे चाललाय हळूहळू."

मुलगी कल्पिता पनवेलहून फोन करायची तेव्हा कोकिळा तिला आधी तळ्याची बातमी द्यायची. "बाबा काय करतात?" "दोरीशी खेळतात." कल्पिता म्हणायची, "अगं, करू दे ना आई. इतकी वर्षं शिफ्ट केली त्यांनी. काहीतरी स्वतःचं करतायत." कोकिळाही म्हणायची, करू दे. तिने अडवलं कुठे होतं? तिने फक्त बोलायचं सोडलं नव्हतं.

खणायला उन्हाळा उजाडला. खारेपाटातली माती, वरून दगड आणि खालून लोणी. फावड्याला चिकटली की सुटत नाही. चांगदेवाने एका बाजूला कडेने पायरी ठेवली, तिथे कमळाच्या कुंड्या येणार होत्या. मध्ये छातीएवढी खोली, म्हणजे उन्हाळ्यात मासे खाली थंडाव्याला जातील. मग शेततळ्यात अंथरतात तो प्लास्टिकचा काळा कागद आला. तो चारी बाजूंनी धरून अंथरताना चांगदेव स्वतःच कागदाबरोबर घसरत खड्ड्यात जाऊन बसला. मासळी विकायला आलेली कृष्णाबाई नेमकी तेव्हाच डोक्यावर पाटी घेऊन परसदारी आली.

"कोकिळाबाय, पयला मासा सोडला वाटतं," ती म्हणाली. "मोठा हाय. पण शिळा वाटतो."

कागदावर कडेने जांभ्याचे दगड बसले आणि विहिरीवरून पाइप लावला. दुपारपर्यंत पाणी भरत होतं. भरलं तेव्हा घरच्या बाजूने पाणी काठावरून वाहायला लागलं होतं आणि कुंपणाच्या बाजूला दोन वीत काळा कागद उघडाच होता. चांगदेव या काठावर गेला, त्या काठावर गेला. खाली बसून एक डोळा मिटून बघितलं.

"तळं वाकडं झालं," कोकिळा म्हणाली.

"तळं सरळ हाय."

"मग पाणी वाकडं हाय का?"

चांगदेव तडक उठला. त्याने गवंड्याकडून पाण्याची नळी आणली, जिच्यात दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतं, आणि काठ तपासला. कारखान्यात कधी एक टाकी वाकडी बसवली नव्हती. आणि हे तळं त्याने पहिल्या दिवसापासून नजरेने केलं होतं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं आणि त्याला वाटलं होतं, इथे तरी मोजमाप नको. कोकिळेला हे त्याने जेवताना सांगितलं, ताटात बघत. कोकिळेने त्या दिवशी पुढे काही चेष्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नळीचं एक टोक स्वतः धरलं, दगड काढले, माती चढवली, परत दगड लावले. तिच्या नाकाला चिखल लागला होता तो पुसायला चांगदेवाने हात पुढे केला, तर त्याच्या हाताला जास्त होता.

पावसाळा स्थिरावल्यावर इक्बाल मासे घेऊन आला. पाणी भरलेल्या फुगीर पिशव्यांत सोनेरी, तांबडे, पांढऱ्यावर नारिंगी ठिपक्यांचे. त्याने पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या.

"भाभी, एकदम सोडायचे नाहीत. पाण्याची ओळख होऊ दे आधी. नवी नवरी आल्यावर दारात थांबवतात ना, तसं."

"आम्हाला नव्हतं थांबवलं," कोकिळा म्हणाली. "सरळ चुलीपुढे."

मासे सुटले आणि काळ्या पाण्यात एकदम दिवे लागल्यासारखं झालं. चांगदेव काठावर उकिडवा बसला तो जेवायला उठेना. चार दिवसांत त्याने माशांना नावंसुद्धा ठेवली. सगळ्यात मोठा, पोट सुटलेला नारिंगी मासा म्हणजे जनरल मॅनेजर साहेब. त्याच्या मागे मागे फिरणारे दोघे सुपरवायझर. एक बारका पांढरा, सदा कोपऱ्यात, तो अकाउंटवाला. एक जण खाणं टाकलं की सगळ्यांत आधी यायचा, त्याचं नाव युनियन लीडर. हयातभर ज्यांना 'व्हय साहेब' म्हटलं ते सगळे आता सकाळी चांगदेवाच्या हातातल्या दाण्यांसाठी तोंडं उघडून उभे राहायचे. कोकिळेला ते बघून हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

पण तळ्यात खायचा मासा नाही ही गोष्ट तिच्या जिवाला लागून राहिली. श्रावणात ती माहेरी गेली तेव्हा अंबाजीच्या अंगणात बादली होती आणि बादलीत जिताड्याची पिल्लं, बोटाएवढी. "नेतेस का दोन-चार?" अंबाजीने विचारलं. तळ्यात कोणते मासे आहेत ते त्याला ठाऊक नव्हतं.

कोकिळेला ठाऊक होतं. जिताडा काय खातो तेही ठाऊक होतं. पण एसटीत मांडीवर दुधाची किटली धरून बसल्यावर तिने स्वतःची समजूत घातली. पिल्लू बोटाएवढं, साहेब वीतभर. कोण कोणाला खाणार? तळ्यात बेडकांची पिल्लं आहेत, किडे आहेत, त्यावर पोसेल. दिवाळी झाली की हळूच काढून घ्यायचं. चांगदेव दाढी करायला बसला होता तेव्हा तिने किटली तळ्यात उपडी केली. चार काळसर रेघा कमळाखाली गेल्या.

त्या चारांतला एकच उरला. बाकीचे तिघे त्यानेच खाल्ले असणार, जिताड्याची जात ती. पण एकट्याने जे अंग धरलं, ते कोकिळेलाही भलतंच वाटायला लागलं.

गणपती गेले आणि अकाउंटवाला दिसेनासा झाला.

"रजेवर असंल," कोकिळा म्हणाली. तळ्याकडे बघायचं मात्र तिने टाळलं.

नवरात्रात एक सुपरवायझर गेला. चांगदेवाने खंड्या पक्ष्याला दोषी धरलं. रोज विजेच्या तारेवर बसून तळ्याकडे बघायचा तो. चांगदेवाने तळ्यावर दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांना चमचमत्या पट्ट्या बांधल्या. खंड्या गेला, तर बगळ्यावर संशय आला. मग चांगदेवाने कारखान्याचा जुना निळा पोशाख काढला, त्यात पेंढा भरला, वर पिवळं हेल्मेट ठेवलं आणि बुजगावणं काठावर उभं केलं. ते इतकं हुबेहूब झालं की कृष्णाबाईने लांबून त्यालाच मासळीचा भाव सांगितला आणि हा आज घासाघीस का करत नाही म्हणून चकित झाली. बगळा मात्र येऊन हेल्मेटवर बसला.

"बघा," कोकिळा म्हणाली. "इथंसुद्धा कुणीतरी डोक्यावर बसलंच."

चांगदेव या वेळी हसला. पण दुसऱ्या दिवशी दुसरा सुपरवायझर नव्हता आणि त्याचं हसू गेलं. तो तासन् तास काठावर बसायला लागला. पाणी हिरवं झालं होतं, वीतभर खालचं दिसत नव्हतं. "माझ्या हाताला काय यशच न्हाय," तो एकदा म्हणाला. कोकिळेने शेंगा सोलता सोलता ते ऐकलं आणि बराच वेळ सोललेले दाणे सालांत टाकत राहिली.

त्या दुपारी चांगदेव अलिबागला गेला होता. कोकिळेने जुनी सुती साडी घेतली, पदर खोचला आणि तळ्यात उतरली. लहानपणी साडीने कोळंबी पकडायची, तसं एक टोक पायाखाली दाबून दुसरं ओढत नेलं. जिताडा एकदाही सापडला नाही. एकदा पायाला काहीतरी जोरात घासून गेलं आणि ती कमळाच्या कुंडीवर बसली. नेमका तेव्हा चांगदेव परतला.

"काय करतेस गो?"

गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या बाईने काय सांगावं? "तुमचं तळं साफ करते," ती म्हणाली.

चांगदेव काठावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसलं. "तुला पटलं न्हवतं तळं," तो म्हणाला, "तरी तू एवढं करतेस." त्याने हात देऊन तिला वर काढलं, टॉवेल आणला आणि तिच्यासाठी आल्याचा चहा केला. कोकिळेने तो चहा थंड होईपर्यंत नुसता हातात धरला.

आणखी एक भानगड झाली होती, ती कोकिळेने कुणालाच सांगितली नव्हती. भांडी घासायला ती दुपारी काठावर बसायची तेव्हा जिताडा वर यायचा. आधी पाण्याखाली दोन डोळे दिसायचे, उन्हात निखाऱ्यासारखे. मग पाठ, रुपेरी, तेल लावल्यासारखी. कमळाच्या पानाखाली तो असा उभा राहायचा की पाणीही हलू नये. त्याच्याकडे बघता बघता भांडी तशीच राहायची. रस्सा किती होईल, तुकड्या किती पडतील, हे हिशेब सुरुवातीला मनात यायचे. मग कधीतरी यायचे बंद झाले आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

माघात चांगदेवाने ठरवलं, तळं उपसायचं. इक्बाल पंप घेऊन आला. कल्पिता रविवार म्हणून आली होती. पाणी उतरत गेलं, कमळाची मुळं दिसली, पायरी दिसली. उरलेसुरले जनरल मॅनेजर आणि युनियन लीडर एका बाजूला खेटून उभे होते. कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात होती, आत जावं की बाहेर यावं ते ठरवत.

गुडघाभर पाणी उरलं आणि एकदम फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. चिखल इक्बालच्या दाढीपर्यंत उडाला.

"या अल्ला! चांगदेव, ये तो जिताडा है! केवढा आहे!"

हातभर तरी होता. इक्बालने आणि चांगदेवाने मिळून तो पोत्यात धरला आणि पाण्याच्या निळ्या पिंपात सोडला. मग दोघे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. जिताडा आकाशातून पडत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"मी सोडला," कोकिळा दारातून म्हणाली. "श्रावणात. अंबाजीकडून आणला. बोटाएवढा होता वो. मला वाटलं दिवाळीला काढीन. नंतर सापडंना. मी साडीने तळं साफ करत होते ना, तेव्हा त्यालाच धरत होते."

कल्पिताने तोंडावर ओढणी धरली. तिला हसू आवरेना. इक्बाल पंपाची नळी गुंडाळायला लागला, जी गुंडाळायची अजून वेळ झाली नव्हती.

चांगदेवाने पिंपाकडे बघितलं. बुजगावण्याकडे बघितलं, दोऱ्यांकडे, चमचमत्या पट्ट्यांकडे. "म्हणजे मी त्या खंड्याला उगाच शिव्या दिल्या," एवढंच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्या दिवशी त्याने स्वतःचा चहा स्वतः केला. जेवताना मीठ हवं होतं ते कल्पिताकडे मागितलं. कोकिळा समोरच बसली होती, मीठही तिच्याच पुढ्यात होतं. चेष्टा कितीही केली तरी हा माणूस असा कधी गप्प झाला नव्हता. शेवटी तिनेच मीठ सरकवलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या हौसेने केलं, आणि मी त्यात... सांगायला पायजे होतं. पयला गेला तेव्हाच."

"सांगायला पायजे होतं," चांगदेव म्हणाला. थोड्या वेळाने त्याने मीठ घेतलं.

सकाळी कृष्णाबाई आली. बातमी तिच्या आधी गावभर फिरून आली होती. पिंपात डोकावून तिने तोंडात बोट घातलं. "कोयती आणलीय मी. बोला, तुकड्या करू का अख्खाच उघडू?"

"करा तुकड्या," चांगदेव म्हणाला. "या एका माशात माझं अख्खं ऑफिस हाय. सगळ्यांना वाटा."

"नको," कोकिळा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. खारेपाटातली बाई, ताजा हातभर जिताडा, आणि नको?

"का गो?" चांगदेवाने विचारलं. "तुझीच आवड ना? आणि मासे काय बघायला असतात?"

कोकिळेचे कान तापले. "बाकीचे नसतील. हा हाय," ती म्हणाली. "दुपारी वर येतो. मी बसलेली असते तिथं. डोळे बघितलेत का त्याचे? निखारे नुसते. तो... तो उभा राहतो ना..."  तिने पदराने पिंपाची कड पुसली, जी आधीच कोरडी होती.

चांगदेवाने तिच्याकडे बघितलं. काल दुपारपासून पहिल्यांदा नीट बघितलं. तळ्याच्या काठावर बसून ताटातलं जेवण थंड करणारा माणूस जगात आपण एकटेच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याच्या मिशा हलायला लागल्या. मग तो मोठ्याने हसला, इतका की कल्पिता दात घासता घासता बाहेर आली.

"घ्या," कृष्णाबाई म्हणाली. "आता दोघंही गेलीत. मी कोयती धुऊन आणली ती फुकट."

तळं भरलं आणि जिताडा परत त्यात गेला. जनरल मॅनेजर आणि युनियन लीडर इक्बालने दुकानाच्या पेटीत नेले, तात्पुरते. साहेब पेटीत रमले, पण लीडर काचेवर तोंड आपटतो असा निरोप आला. त्यांच्यासाठी दुसरं तळं करायलाच हवं होतं. जागा कोकिळेने दाखवली: विहिरीच्या अंगाला, जिथे निम्मी सावली पडते आणि जिथून स्वयंपाकघरातून सरळ दिसतं. चांगदेवाला ती जागा पसंत नव्हती. दोन दिवस वाद झाला आणि जागा तीच ठरली. कृष्णाबाई आता रोज जिताड्यासाठी मूठभर करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, वेगळी ठेवते आणि ती देताना कुरकुरते, की माणसांना मिळत नाही आणि हा बसून खातो.

काल दुपारी कल्पिताने फोन केला तेव्हा आईच्या ऐवजी बाबांनी उचलला.

"आई कुठेय?"

"खड्ड्यात," चांगदेव म्हणाला. "मी पायरी डाव्या अंगाला ठेवा म्हणतो, ती उजव्या म्हणते. फावडं हातात न्हाय देत मला. तू नंतर कर, आता ती ओरडतेय."